कोरडे बोल्ट बसवणाऱ्यास

माझ्या १९७२ च्या डॉज डार्टचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ज्यांनी काढून परत बसवले, त्यांस,

नमस्कार लिहीत नाही. तो मनापासून निघत नाही, आणि या गाडीवर खोटेपणा पुरेसा झाला आहे.

तुमचं नाव मला माहीत आहे. गाडी घेतली तेव्हा मागच्या मालकाने जुन्या पावत्यांचं पाकीट हातात ठेवलं. त्यात तुमची पावती आहे: दोन्ही मॅनिफोल्ड काढून बसवले, बोल्ट नवे घातले. नाव इथे छापत नाही. तुमचं दुकान बंद पाडण्यात मला रस नाही. तुम्ही काय करून ठेवलंत ते चारचौघांत सांगायचं आहे. पत्र मराठीत आहे, कारण संतापलो की मला दुसरी भाषा सुचत नाही. त्यातला मजकूर तुमच्यापर्यंत पोचेल, ती व्यवस्था मी केली आहे.

आधी इंजिनाबद्दल बोलू. पाना हातात घेण्याआधी हे तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. नव्हतं, म्हणून सांगतो. तुमच्यासमोर होतं ते क्रायस्लरचं ३१८ घनइंची व्ही-८, म्हणजे साधारण ५.२ लिटरचं. ज्याला 'एलए' म्हणतात त्या घराण्यातलं पहिलं इंजिन १९६४ साली आलं, हे ३१८ त्यात १९६७ मध्ये आलं, आणि पुढे वीसेक वर्षं गाड्यांत आणि ट्रकांत धावलं. आधीच्या इंजिनापेक्षा वजन कमी व्हावं म्हणून त्याचं ओतकाम पातळ भिंतींचं केलेलं आहे. हेडमध्ये एक्झॉस्टच्या वाटेभोवती पाणी खेळतं, ते खेळलंच पाहिजे, नाहीतर व्हॉल्व्ह जळतील. या हेडच्या बाहेरच्या टोकांना, जिथे मॅनिफोल्डची टोकं आवळली जातात, तिथली होलं आरपार आहेत. मागे लोखंड नाही, थेट वॉटर जॅकेट आहे, म्हणजे पाणी फिरायची पोकळी. त्या होलात जे काही फिरवून घालाल त्याचं आतलं टोक आयुष्यभर कूलंटमध्ये बुडालेलं राहणार. ही कारखान्यातली चूक नव्हे, हेडची रचनाच तशी आहे. आणि हे गुपितही नाही. या इंजिनावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या पाच मिनिटांत तो हेच सांगेल.

कारखान्याने त्यावर उपाय दिलेला होता. टोकाला बोल्ट नाही, स्टड, म्हणजे डोकं नसलेली, दोन्ही टोकांना आटे असलेली दांडी. स्टडचे आटे सील लावून हेडमध्ये कायमचे बसवायचे आणि बाहेरून नट आवळायचा. पुढे कधी मॅनिफोल्ड काढायची वेळ आली तर नट सुटतो, स्टड जागचा हलत नाही, पाण्याचं सील मोडत नाही. इतका सरळ विचार त्यामागे होता. तुम्ही तो स्टडसकट उपटून फेकलात.

कशासाठी? नट गंजून स्टडला धरला असेल, स्टड नटासकट बाहेर आला असेल. असं होतं, त्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. पण तो बाहेर आल्यावर त्याच्यामागून कूलंट वाहिलं असणारच. पाने, ट्रे, कदाचित तुमची बाहीही भिजली असेल. त्या होलातून पाणी येताना तुमच्या डोळ्यांनी तुम्ही पाहिलंत. तरीही त्याच होलात, पुसायचेही कष्ट न घेता, कोरडा बोल्ट फिरवलात आणि पावतीवर 'बोल्ट नवे' लिहून पैसे घेतलेत. अज्ञान मी समजू शकतो. पाहून न पाहिल्यासारखं करणं मला समजत नाही.

माझे काका कुर्ल्याला गॅरेजात काम करायचे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून तिथे क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, फार्गो बांधल्या. त्यांतले ट्रक काकांच्या हाताखालून जायचे. ती वेगळी, जुनी सहा सिलिंडरची इंजिनं. पण पाण्यात उतरणारा एकही आटा काका कोरडा बसवत नसत. शेलॅकची बाटली, त्यात बुडवलेला ब्रश, आणि आट्यांवरून एक पूर्ण फेरा. आजच्यासारखी ट्यूबमधली सीलंटं त्यांच्याजवळ नव्हती. होती ती सवय, आणि गाडी परत दारात आली तर लाज वाटेल ही भीती. तुमच्या दुकानाच्या फळीवर त्यांच्यापेक्षा शंभर पटीने चांगला माल असणार. तुम्हाला तो हात लांब करून घ्यावासा वाटला नाही.

गळती दिसली तीही लगेच नाही. इथे डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिसऱ्या शनिवारी. हजारो गाड्या, वेग माणसाच्या चालीचा, डोक्यावर ऊन. तिथे सिग्नलला उभा असताना हूडच्या फटीतून गोडसर वास यायला लागला. मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली, "बाबा, पाक जळतोय का?" तापमानाचा काटा तोवर मधोमध होता. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हूड उघडलं. उजव्या हेडच्या मागच्या कोपऱ्यात, फायरवॉलच्या अगदी जवळ, वाफेचा एक बारीक धागा वर चालला होता. जमिनीवर थेंब नाही.

तुमचा बोल्ट असा लपून राहतो. कूलंट आट्यांच्या खोबणीतून गोल गोल फिरत बोल्टच्या डोक्यापर्यंत येतं आणि शेकडो अंश तापलेल्या मॅनिफोल्डला टेकताच उडून जातं. ओल राहत नाही. राहतो तो हिरवट पांढरा चुरा, खरपुडीसारखा. इंजिन थंड असताना पाझर चालू राहतो आणि सकाळी गाडी चालू केली की पहिली दोन मिनिटं वाफ दिसते, मग काहीच नाही. रेडिएटरमधलं पाणी मात्र कमी होत राहतं. अशा वेळी बहुतेक मेकॅनिक सांगतात, हेड गॅस्केट गेलं. कितीतरी लोकांनी अशा बोल्टांपायी हेड उतरवली असतील, गॅस्केट बदलली असतील, आणि तोच बोल्ट तसाच कोरडा परत घातला असेल.

मी हेडला हात लावण्याआधी दाब देऊन पाहिला. इंजिन पूर्ण थंड, रेडिएटरच्या तोंडावर हातपंप, कॅपवर छापलेल्या १६ पाउंडांपर्यंत दाब. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फेंडरवर ओणवं होऊन वाट बघायची. काटा सावकाश खाली यायला लागला. आरशात त्या कोपऱ्यातल्या बोल्टच्या डोक्याखाली एक हिरवा मणी जमला, मोठा झाला, घरंगळला, दुसरा जमला. थंड लोखंडावर तो उडून जाऊ शकत नव्हता. बाकी तिन्ही टोकंही तपासली. त्यांतली दोन ओली होती.

आता तुमच्या रंगाबद्दल. त्या बोल्टांभोवती हेडवर आणि मॅनिफोल्डच्या कानांवर बिडाच्या रंगाचा, उष्णता सोसणारा नवा पेंट होता. तारेचा ब्रश मारला तर पेंटचे पापुद्रे निघाले आणि त्यांच्याखाली जुना पांढरा चुरा होता. म्हणजे बोल्ट बसवल्यावर गाडी चालवली गेली, गळती सुरू झाली, खरपुडी धरली, आणि मग त्या खरपुडीवर रंग बसला. गाडी तुमच्याकडे तक्रार घेऊन परत आली होती, दुसऱ्या पावतीवर तारीख आहे. तिच्यावर लिहिलंय, 'कूलंट गळती, दुरुस्त.' दुरुस्तीत काय केलंत ते मला रेडिएटरच्या तळाशी सापडलं. कूलंट काढलं तेव्हा शेवटी तपकिरी चिखल आला, त्यात चकाकणारे कण. गळती बुजवणारी पूड. तीही एका डब्याची असेल असं वाटत नाही.

आडरानात अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरती ती पूड टाकली तर मी त्याला दोष देणार नाही. तुम्ही आडरानात नव्हता. तुमच्याकडे लिफ्ट होती, हवेचा पाना होता, दिवसभराचा वेळ होता. ती पूड बोल्टच्या आट्यांत जितकी अडकली त्याच्या कितीतरी पट हीटर कोरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली. मिशिगनमध्ये जानेवारीत काचेवरचं दव हटवायला गरम हवा लागते, हे तुम्हाला सांगायला नको. तो कोर मला बदलावा लागला. त्यासाठी डॅशबोर्डखालची अख्खी पेटी बाहेर काढावी लागते. ते कामही तुमच्या नावावर धरा.

बोल्टांवर येतो. पहिला सुटला तो सहज सुटला. आट्यांवर सीलचा मागमूस नव्हता, ना पांढरा, ना काळा, ना कसलाही. आतलं टोक, जे पाण्यात होतं, ते तपकिरी झालेलं, आट्यांची धार खाऊन गेलेली. नखाने चाचपलं तरी कळत होतं की बाहेरचे आटे टोकदार आहेत आणि आतले गुळगुळीत. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात, मग उघडं पोलाद असंच झिजतं.

मागच्या कोपऱ्यातल्याने मात्र मला थांबवलं. त्याच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं होतं. हा आकडा मेट्रिक बोल्टवर असतो. या हेडमधली होलं ५/१६ इंची, इंचाला १८ आटे. तुम्ही तिथे आठ मिलिमीटरचा बोल्ट घातलात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे हाताने सुरुवात होते, दोन-तीन फेरे जातो, आणि मग अडतो, कारण एकाच्या आट्यांतलं अंतर १.४१ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याच्या १.२५. तो अडला तेव्हा तुमच्या मनगटाला कळलं असणारच. बोल्ट हाताशी बोलतो, अशा वेळी बाहेर काढून बघायचं असतं. तुम्ही पान्याला लांब दांडा लावून तो रेटलात. ओतीव लोखंडातले आटे चिरडत तो आत गेला. इथे माझा राग खरा भडकला. गळणारा बोल्ट बदलता येतो. पन्नास वर्षं टिकलेल्या हेडमधले आटे गेले ते गेले.

तुम्हाला वाटेल, चार थेंब पाण्यासाठी इतकं काय. ते थेंब इथिलीन ग्लायकॉलचे आहेत. चवीला गोड असतं ते, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि मांजराला मारायला अगदी थोडं पुरतं; मूत्रपिंडात स्फटिक होतात आणि जीव जातो. लहान मुलालाही तेच. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१२ नंतर देशभर त्यात कडू द्रव्य घालायला सुरुवात केली, तरी धोका गेलेला नाही. माझ्या गॅरेजचं दार उन्हाळ्यात उघडं असतं, शेजारचा लॅब्रडॉर तिथे येऊन पडतो. आणि गाडी चालत असताना त्यातलं पाणी उडून गेलं की मागे राहणारं ग्लायकॉल पुरेशा तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकतं. शेजारीच स्पार्क प्लगच्या रबरी टोप्या असतात, वर कार्बुरेटर. याशिवाय कमी होत चाललेलं पाणी कुणाच्या लक्षात आलं नाही तर हेड तापून वाकतं. इतकं सगळं त्या एका कोरड्या आट्यातून निघतं.

आता मी काय केलं ते लिहितो. तुम्ही करायला हवं होतं ते सगळं हेच आहे, म्हणून पुरतं वाचा.

कूलंट हेडच्या पातळीखाली जाईपर्यंत काढलं. ब्लॉकच्या बाजूचे ड्रेन प्लगही उघडले, फक्त रेडिएटर रिकामा करून ब्लॉकमधलं उतरत नाही. दोन्ही मॅनिफोल्ड काढले आणि त्यांची बसायची कड सरळपट्टीवर तपासली. चांगल्या होलांत आटे साफ करायचा चेसर फिरवला. टॅप नाही. टॅप कापतो, चेसर साफ करतो, आणि आधीच झिजलेल्या आट्यांतून धातू अजून काढायची गरज नव्हती. मग ब्रेक क्लीनर आणि हवा, होल बोटाला पूर्ण कोरडं लागेपर्यंत. सील न टिकण्याचं पहिलं कारण तेल आणि कूलंटचा राहिलेला ओशटपणा असतो. तुमच्या मेट्रिक बोल्टने मारलेल्या होलात ड्रिल सरळ धरून भरीव थ्रेड इन्सर्ट बसवला, आणि त्याच्या बाहेरच्या आट्यांनाही सील लावलं, कारण तेही पाण्यातच उतरतात. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग इन्सर्टच्या बाजूने गळती सुरू होते.

टोकांना परत स्टड घातले, कारखान्याने दिले होते तसे. आट्यांना टेफ्लॉन असलेलं, सुमारे २०० अंश सेल्सिअस सोसणारं पेस्टसारखं थ्रेड सीलंट, पहिला आटा सोडून पुढे चहूकडून. एक्झॉस्टजवळ २०० अंश कसे पुरतील, असं पुष्कळांना वाटतं. पुरतात, कारण त्या आट्यांच्या मागे कूलंट आहे आणि ते थर्मोस्टॅटच्या जवळपास, नव्वद-शंभर अंशांवर फिरतं. तापतो तो स्टडचा बाहेरचा भाग. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप मी जवळही आणली नाही. तिचे धागे तुटून पाण्यात फिरतात, आणि आधीच चिखल पुरेसा होता. सिलिकॉनही नाही.

स्टड जोरात आवळायचा नसतो, बेताने बसवायचा असतो. सीलंटला एक रात्र दिली. मग मॅनिफोल्ड चढवले, बोल्टांखाली शंकूच्या आकाराचे वॉशर जिथे असतात तिथे, मधून सुरुवात करून बाहेर जात आवळले: बोल्ट २० फूट-पाउंड, नट १५. हे आकडे इतके कमी आहेत त्याला कारण आहे. बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांबतो, त्याला किंचित सरकायला वाव लागतो. टोकं करकचून आवळली की तो तडकतो. डाव्या मॅनिफोल्डच्या मागच्या कानाला तडा होता. तोही तुमचाच, तिथल्या बोल्टवर हवेच्या पान्याचे ओरखडे आहेत. जंग धरू न देणारी पेस्ट फक्त नटाच्या बाजूला लावली, म्हणजे पुढच्या माणसाला नट सुटेल आणि स्टड जागेवर राहील.

इंजिन चालू करण्याआधी परत दाब दिला, १५ पाउंड, आणि काटा हलत नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. त्यानंतरच नवं कूलंट भरलं, निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल, हीटर उघडा ठेवून हवा काढली. काही दिवस गाडी तापवून, थंड करून, टॉर्च आणि आरसा घेऊन टोकं पाहत राहिलो. कोरडी आहेत.

या सगळ्यात सीलंटची ट्यूब सर्वांत स्वस्त होती. तुमचा वेळ वाचला असेल अर्धा तास, होल साफ करायचा आणि सुकवायचा. त्या अर्ध्या तासासाठी तुम्ही एक हेड, एक मॅनिफोल्ड, एक हीटर कोर आणि एका ग्राहकाचा भरवसा खर्ची घातलात. त्या मागच्या मालकाला तुम्ही दोनदा बिल लावलंत, एकदा गळती करायचं, एकदा ती झाकायचं. तो आता ऐंशीच्या पुढे आहे. ही गाडी त्याने हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यातून बाहेर पडल्यापासून चालवली, आणि विकताना मला म्हणाला की हल्ली ती पाणी पिते, बहुतेक वय झालं. तिचं वय त्याला कारण नव्हतं.

मला पैसे परत नकोत. तुम्ही एवढं करा. तुमच्या पावत्यांच्या वह्या काढा आणि ज्या ज्या ३१८, ३४०, ३६० इंजिनांचे मॅनिफोल्ड किंवा हेडर तुम्ही काढून बसवले त्यांच्या मालकांना फोन करा. त्यांना सांगा की टोकाच्या होलांत सील लावलेलं नाही, गाडी थंड असताना घेऊन या. दाब देऊन दाखवा. गळत असेल तर फुकट करून द्या, आणि रंगाचा डबा कपाटात ठेवा. ज्यांच्या रेडिएटरमध्ये पूड टाकली आहे त्यांना तेही सांगा, कारण त्यांना हिवाळ्याआधी हीटर तपासावा लागेल. तुमचा आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि मी वापरली ती अर्धी उरलेली ट्यूब एका डब्यात घालून तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवली आहे. ट्यूबवर कृती छापलेली आहे.

– डार्टचा सध्याचा मालक
ट्रॉय, मिशिगन